‘चिकन आहे, काकू’

२०२५ ची आषाढी एकादशी रविवारी होती, ६ जुलैला. आज मला हे नक्की सांगता येतं. त्या दिवशी मात्र ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नेरुळच्या टूबीएचकेमध्ये आम्ही दोघं राहतो, मी आणि नागालँडहून आलेला माझा रूममेट. रविवारी उशिरा उठायचं आणि काहीतरी दणकट शिजवायचं, एवढंच आमचं पंचांग.

बाहेर पाऊस होता, म्हणून खिडक्या बंद. एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. कढईत लाल मिरच्या आणि लसूण पडला आणि घरभर खाट सुटली. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू. गळ्यात तुळशीची माळ, हातात साबुदाण्याच्या खिचडीची वाटी. ठसका आवरत त्यांनी विचारलं, “काय रे, काय शिजवताय एवढं?”

“चिकन आहे, काकू.”

त्या हसल्या. “अरे, आज एकादशी! बरं असू दे, पण आधी ही खिचडी खा.” वाटी माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

कढईत चिकन नव्हतं. डुकराचं मटण होतं.

जेवताना रूममेटने विचारलं, “चिकन क्यों बोला?” मी म्हणालो, “उन्हें बुरा लगता.” त्याने एक घास संपवला आणि म्हणाला, “माला पहनी है न उन्होंने? फिर तो चिकन से भी बुरा लगना चाहिए था.”

मला उत्तर सुचलं नाही. माळकरी माणसाला कोंबडी काय आणि डुक्कर काय, दोन्ही वर्ज्यच. काकूंच्या व्रताच्या दृष्टीने माझ्या कढईत काय आहे याने काडीचाही फरक पडत नव्हता. तरी मी एका प्राण्याच्या जागी दुसरा ठेवला. मग ते खोटं मी नक्की कुणासाठी बोललो?

आधी पदार्थाबद्दल सांगतो, कारण त्यातच अर्धी गोष्ट आहे. सिचुआन प्रांतात ‘हुईगुओरोउ’ नावाचा घरगुती पदार्थ करतात. शब्दशः अर्थ, कढईत परत आलेलं मांस. डुकराच्या पोटाकडचं चरबीचं मांस आधी आलं घालून अख्खंच उकडायचं, गार करायचं, मग पातळ काप करून कढईत परत टाकायचं. चरबी वितळते, कापांच्या कडा वळतात, आणि त्याच तुपकट तेलात मिरची, लसूण परतला जातो. तिकडे यात पिशिआन गावची, मोठ्या शेंगबिया आणि मिरच्या आंबवून केलेली चटणी घालतात. आमच्याकडे ती नव्हती. आम्ही बाटलीतली शेजवान चटणी, सोया सॉस आणि चमचाभर साखर घातली. घरच्या गॅसची आच गाडीवरच्या भट्टीसारखी नसते, म्हणून अर्धा किलो मांस दोनदा करून परतायचं. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी शिजत बसतं.

सिचुआनची खासियत असलेली जीभ बधिर करणारी मिरी आमच्याकडे नव्हती. पण माझ्या आईने कोकणातल्या मैत्रिणीकडून आणलेली तिरफळं डब्यात होती. बांगड्याच्या तिखल्यात पडणारी हीच ती तिरफळं. सिचुआनी मिरी आणि आपलं तिरफळ एकाच झँथोझायलम कुळातले, जवळचे नातेवाईक. बिया काढून टाकल्या आणि टरफलं जराशी ठेचून घातली. जिभेला मुंग्या आल्या तसा रूममेट म्हणाला, यह तो घर जैसा है. असलंच काहीतरी त्याच्या आईच्या स्वयंपाकातही असतं म्हणे. म्हणजे नेरुळच्या कढईत सिचुआन, नागालँड आणि कोकण एका कुळाने बांधले गेले होते. मिरची तर तिघांचीही नाही. ती अमेरिका खंडातून आली, सोळाव्या शतकापासून पुढे.

आपण चायनीजही असंच घरचं करून टाकलंय. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट झाला. आज स्टेशनबाहेरच्या गाडीवर ट्रिपल शेजवान मागताना ते परक्याचं आहे असं कुणालाच वाटत नाही. पण नीट बघा, या सगळ्या प्रवासात एक गोष्ट गुपचूप गळाली. चिनी भाषेत नुसतं ‘मांस’ म्हटलं की बहुतेकदा डुकराचंच समजतात. गाय-बकरी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. घर किंवा कुटुंब यासाठीचं चिनी अक्षर पाहिलं तर वर छप्पर आणि खाली डुक्कर. आपण त्यांचा सॉस घेतला, नूडल्स घेतल्या, कढई उडवायची पद्धत घेतली. छपराखालचं डुक्कर तेवढं बाहेर ठेवलं.

याचा अर्थ मराठी बोलणाऱ्या घरांत ते शिजतच नाही असा नव्हे. वसई-उत्तनच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाला सोरपोतेल असतं. गोव्यात तर आहेच. आणि गावोगावी अशी माणसं आहेत ज्यांच्या घरी ते शिजतं, पण ज्यांना ते मोठ्याने सांगायची सोय नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. “मी माझ्या घरात काय खातो हे ठरवणारे तुम्ही कोण?” हा युक्तिवाद आपल्या पिढीला तोंडपाठ आहे. घर शोधताना ‘ओन्ली व्हेज’ ऐकून ऐकून तो तयार झालाय. गंमत म्हणजे या युक्तिवादाच्या जन्मकथेतच डुक्कर आहे आणि मुंबईसुद्धा. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षं नोकरीला होता. १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात त्याने डुकराच्या मांसाचंच उदाहरण घेतलं. समजा एखाद्या देशात मुसलमान बहुसंख्य आहेत आणि त्यांनी ठरवलं की इथे कुणीच डुक्कर खायचं नाही. त्यांची किळस खोटी नाही, मनापासूनची आहे. तरी बंदी योग्य ठरेल का? मिल म्हणतो, नाही. कारण माणसाच्या वैयक्तिक आवडीनिवडीत समाजाने नाक खुपसायचं कारण नाही. किळस खरी असणं म्हणजे हक्क असणं नव्हे.

तिथेच एक तळटीप आहे, मुंबईच्या पारशांची. इराणातून पळून ते पश्चिम भारतात आले तेव्हा हिंदू राजांनी त्यांना गोमांस न खाण्याच्या अटीवर आसरा दिला. पुढे मुसलमानांची सत्ता आली तेव्हा डुक्कर न खाण्याची अट आली. मिल म्हणतो, जी सुरुवातीला नुसती आज्ञापालनाची बाब होती, ती पुढे अंगवळणी पडून स्वभावच झाली. पारशांच्या आजच्या ताटाबद्दल काही का असेना, यातली प्रक्रिया मला ओळखीची वाटते. आधी घरमालकासाठी लपवायचं, मग वॉचमनसाठी, मग सवयीने सगळ्यांसाठी. कुणी विचारायच्या आधीच तोंडातून ‘चिकन’ निघतं.

पण मिल मला एका जागी सोडून जातो. त्याच्या उदाहरणात बंदी घालणारा आहे. माझ्या गोष्टीत कुणीच बंदी घातलेली नाही. काकूंनी सोसायटीत तक्रार केली नाही, नाक मुरडलं नाही, उलट खिचडी दिली. हक्काची भाषा भांडायला उपयोगी पडते, पण दारात वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईशी ती काय कामाची?

म्हणून मी प्रश्नाचे तुकडे केले. पहिला, वासाचा. काकूंना ठसका लागला तो मिरचीचा. तो त्रास खरा आहे, घशाला होणारा आहे, आणि त्याबद्दल माझं देणं आहे: खिडकी उघडायची, फॅन वेळेवर लावायचा, दार लोटून घ्यायचं. पण लसूण-मिरचीच्या त्या भपकाऱ्यात कुठल्या प्राण्याचं मांस आहे हे काकूंनाच काय, मलाही ओळखता आलं नसतं. डुकराचा त्रास नाकाला नाही, नावाला आहे. नाव कळल्याने होणारा त्रास हा माझ्याकडून झालेला अपाय नव्हे. तसं मानलं तर या शहरात कुणालाच जगता येणार नाही. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांतल्या आगरी-कोळी घरांत सुकट आणि बोंबील टॉवरच्या कितीतरी आधीपासून भाजले जातायत.

दुसरा, स्वच्छतेचा. “डुक्कर घाण खातं, त्याने डोक्यात किडे होतात,” हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यात अर्धं खरं आहे. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो, म्हणून ते पूर्ण शिजवायचंच. पण मेंदूतल्या ज्या गाठींची सगळ्यांना भीती असते, त्या मांस खाऊन थेट होत नाहीत. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि पाणी, हात किंवा न धुतलेल्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यामुळे जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही तो आजार होतो. म्हणजे दोष आपल्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा, बदनामी जनावराची.

आणि जनावराबरोबर माणसांची. इथे मला नागराज मंजुळेंचा २०१३ चा ‘फँड्री’ आठवतो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या घराला सांगितलं जातं आणि ते डुकरामागे धावत असताना अख्खा गाव तमाशा बघतो, हसतो. त्यात डुकरं मोकाट असतात, अडकलेला असतो जब्या. एकाच प्राण्याला आपण किती नावं दिली आहेत! देवाचा अवतार असेल तर वराह, मेन्यूकार्डावर असेल तर पोर्क, आणि शिवी द्यायची असेल तर डुक्कर. हॉटेलात ‘पोर्क रिब्स’चा फोटो मी स्वतः इन्स्टाग्रामवर टाकलाय. तेव्हा लाज वाटली नाही, कारण तिथे मी महागडं काहीतरी खाणारा माणूस होतो. काकूंच्या दारात तेच मांस मला कुठल्या तरी वेगळ्याच रांगेत उभं करेल अशी भीती वाटली. माझं खोटं काकूंच्या भावना जपायला नव्हतं, माझी पत जपायला होतं. आणि त्यासाठी मी मित्राच्या घरच्या जेवणाला दुसऱ्याच जेवणाचं नाव दिलं, त्याच्या देखत. तो म्हणाला होता, “तूने एक दिन छुपाया. मैं तो जब से आया हूँ तब से छुपा रहा हूँ.”

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. किळस म्हणजे हक्क नाही, लाज उसनी आहे, खरं बोलावं. पण तिसरा तुकडा उरला होता. वाटी.

त्या दुपारी खिचडी संपली आणि वाटी सिंकमध्ये गेली, त्याच कढईच्या पाण्यात. मी ती साबणाने दोनदा घासली. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून तिच्यात खजूर घालून संध्याकाळी दिली. स्टीलच्या वाटीला काय लागून राहतं? काहीच नाही. प्रयोगशाळेत नेली असती तरी स्वच्छच निघाली असती. आणि काकूंना हे कधी कळणारही नव्हतं. जे कळणारच नाही, त्याने कुणावर अन्याय होतो का?

बराच काळ माझं उत्तर ‘नाही’ होतं. मग मी उलटं करून पाहिलं. समजा एखाद्या हॉटेलाने काकूंना कोंबडीच्या पाण्यातलं सूप शाकाहारी म्हणून पाजलं. त्यांना ते आवडलं, पचलं, आणि कधी कळलंच नाही. तरी काहीतरी वाईट झालंय, हे आपल्याला न सांगता समजतं. काय झालंय? काकूंच्या शरीराला काही झालं नाही. पण जी गोष्ट ठरवायचा अधिकार त्यांचा होता, ती दुसऱ्याने परस्पर ठरवली. न कळल्याने तो अन्याय पुसला जात नाही, उलट पक्का होतो, कारण आता त्यांना नाही म्हणायचीही संधी नाही. वाटीचं प्रकरण सुपाइतकं मोठं नाही हे खरं, पण जातकुळी तीच. माझ्या कढईत काय शिजावं हे काकूंनी ठरवायचं नाही. तसंच त्यांच्या वाटीचं काय चालेल आणि काय नाही हे मी ठरवायचं नाही, साबणावर माझा कितीही विश्वास असला तरी.

म्हणजे एकाच दुपारी मी दोन्ही बाजूंनी चुकलो होतो. जे सांगायची गरज नव्हती तिथे खोटं बोललो आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे गप्प बसलो.

दिवाळीनंतर एकदा काकू फराळाचा डबा न्यायला आल्या तेव्हा मी सांगून टाकलं. “काकू, आषाढीला चिकन नव्हतं. डुकराचं मटण होतं. आणि तुमची वाटी त्याच भांड्यांत घासली होती.” ‘पोर्क’ म्हणायचं नाही एवढं ठरवलं होतं.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आता सांगतोयस होय.” रागावून नाही. हिशोब जुळवत असल्यासारखं. डबा उचलून गेल्या.

महिनाभर काही आलं नाही. मग एका गुरुवारी बेल वाजली. काकूंच्या हातात शिरा होता, पण वाटीत नव्हता. पानाच्या द्रोणात होता. तेव्हापासून जे येतं ते द्रोणातून येतं.

पहिल्यांदा मला ते अगदी बरोबर वाटलं. मी खरं सांगितलं, त्यांनी ठरवलं, वाटी वाचली, शिराही वाचला. पण रूममेटने द्रोण बघून विचारलं, “अलग बर्तन?” आणि माझ्या पोटात खड्डा पडला. या राज्यात वेगळ्या भांड्याचा इतिहास काय आहे हे मला शिकवायची गरज नाही. चहाच्या टपरीवरचा वेगळा कप काय होता, वरून ओतलेलं पाणी काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग काकूंचा द्रोण त्याचाच सभ्य भाऊ आहे का?

मी एक कसोटी लावून पाहिली. व्रत माणूस स्वतःवर घालतो, विटाळ दुसऱ्यावर लादतो. माळ काकूंच्या गळ्यात आहे, आमच्या नाही. आम्ही काय करायचं हे त्या सांगत नाहीत, फक्त स्वतःची भांडी सांभाळतात, तीही आम्ही काय केलं ते कळल्यावर, आम्ही कोण आहोत हे बघून नव्हे. कसोटी चांगली आहे. पण ती बाहेरून लागत नाही. द्रोण हातात घेणाऱ्याला त्यामागे व्रत आहे की विटाळ, हे द्रोणाकडे बघून कळत नाही. आणि ज्याने आयुष्यात तसे बरेच द्रोण घेतलेत त्याने दर वेळी चांगलाच अर्थ लावावा, असा आग्रह मी धरू शकत नाही. रूममेटने तो शिरा खाल्ला. छान झालाय म्हणाला. द्रोणाबद्दल परत बोलला नाही.

काकू अजूनही येतात. आमच्या सोफ्यावर बसतात, रूममेटच्या आईची चौकशी करतात, डिमापूरला थंडी किती असते विचारतात. मी चहा विचारला की म्हणतात, “नको रे, आत्ताच झाला.” पूर्वी त्या आमच्याकडे चहा घ्यायच्या. दर वेळी आत्ताच कसा झालेला असतो, हे मी विचारत नाही. ते खोटं असेल तर आहे. माझं खोटं मला वाचवण्यासाठी होतं. त्यांचंही बहुधा मलाच वाचवण्यासाठी आहे.

परवा रविवारी कढई पुन्हा चढवली. मांस उकडून गार करून ठेवलं होतं, तिरफळाच्या बिया काढल्या होत्या. मिरच्या टाकायच्या आधी खिडकी उघडली. जिन्यात काकूंचा आवाज आला, “काय रे, आज काय?”

“डुक्कर आहे, काकू.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. जोरात नाही. ठसका लागू नये म्हणून लावतात, तसा.